रविवारची डिस्क

"आई, निळा दिवा लागला का?"

"लागला आणि विझला." मीनाक्षीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आता काय करू रे?"

"डिस्कला करंट कमी पडतोय. केबल काढ, शेजारच्या पोर्टात घाल. मग डबा बंद करून चालू कर. तीन मिनिटं लागतील."

डबा म्हणजे अभिरामनं बसवून दिलेला घरचा सर्व्हर, साबणाच्या वडीएवढा. बाईंचे यजमान दत्तोपंत गेल्यावर त्यांच्या पेटीवादनाच्या साठ कॅसेटी लेकानं त्याला जोडलेल्या डिस्कवर चढवल्या आणि तो हॅम्बुर्गला परत गेला. बाई दिवसभर ती पेटी ऐकत. घरात दुसरा आवाज नव्हता.

दिवा पुन्हा विझला की पुन्हा तेच, आणि त्या तीन-तीन मिनिटांत अभिराम बोलायचा. आमटीत चिंच जास्त पडली. सायकलवरून पडलो, पण लागलं नाही. शेजारी दोन वर्षं राहतोय, अजून नाव ठाऊक नाही.

सहा महिने हे असंच चाललं होतं. रविवारी पाचला डिस्क बंद पडायची, बाई फोन लावायच्या, आणि पाऊण तासानं दिवा टिकायचा. त्याआधीचे फोन दोन मिनिटांचे. जेवलीस? जेवले. बरी आहेस? आहे. कारणाशिवाय फोन करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं, आणि अभिराम त्यांच्यावरच गेला होता.

खरं तर दोष त्यांना दुसऱ्याच रविवारी उमगला होता. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. रविवारी गल्लीत पाचला पाणी सुटायचं. घरोघरच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब पडायचा आणि डब्याच्या जिवावर चालणारी डिस्क उपाशी राहायची. तिला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर दिला की संपलं. त्यांनी तो दिला नाही.

पण एकदा जवळ उभ्या असताना डिस्क बंद पडली, तेव्हा आत टक् वाजलं. असा करंट तुटत राहिला तर एक दिवस पेटी कायमची जाईल, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी आणखी तीन रविवार काढले. चौथ्या रविवारी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाळासोला बोलावलं. त्यांचाच जुना विद्यार्थी.

"डिस्कला वेगळा करंट देणारा हब बसव. पाचच्या आत."

"दोष बी तुमीच काढलासा, औषध बी तुमचंच. मग मला कशाला बोलीवलंसा, बाई? चहाला?"

"चहा मिळेल. आधी काम."

"आधी मोजू की. आठवीत मोजल्याबगर उत्तर लिवलं म्हणून तुमीच छडी हाणलेली."

मोजायला पाच वाजेपर्यंत थांबावं लागलं. मोटारी घुरघुरल्या, ट्यूब मंद झाली. टक् वाजलं आणि निळा दिवा विझला. बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. आजचा फोन शेवटचा. पुढच्या रविवारी काय निमित्त काढायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.

बाळासोनं डब्याला लावलेल्या मीटरवर बोट ठेवलं. "बाई, ट्यूब मंदावली, पर डब्याचा करंट हलला बी न्हाई. ह्यो दोष विजेचा न्हवं."

त्यानं लॅपटॉप जोडला, बाईंच्या वहीतला पासवर्ड घातला आणि बराच वेळ वर-खाली बघितलं.

"हितं हुकूम लिवलाय. दर रविवारी पाचला आधी डिस्क नीट निजवायची, मग पोर्टचा करंट तोडायचा, आन् पाऊण तास त्यो टिकू द्यायचा न्हाई. त्यो आवाज निजतानाचा. डिस्क ठणठणीत हाय तुमची." त्यानं मान वर केली. "काढून टाकू?"

"कोणी लिहिलाय?"

"तसं नाव न्हाई. पर फायलीला नाव दिलंय, त्ये बगा."

बाईंनी चष्मा पुसला, वाकून पडद्यावरचं वाचलं.

'आईचा फोन यावा म्हणून'.