पसंत पडल्यास कळवा

आमगावचे लीलाधरकाका बायकोला घेऊन फुलचूरच्या घरी आले, तेव्हा दुर्गेश्वरीला काय करू आणि काय नको असं झालं. लग्नाचे बायोडाटे लिहून देण्याचं काम सुरू केल्यापासून दारात आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. तिनं पंख्याखालच्या खुर्च्या पुसल्या, पेन काढलं आणि आत मशीनवर बसलेल्या नणंदेला आवाज दिला, "डिंपलताई, चहा ठेवता का?"

"घरचे माणसं नाही का?" लीलाधरकाकांच्या बायकोनं, नंदाबाईंनी विचारलं.

"ते कोहमाऱ्याले गेले. पण हे काम माझंच आहे. बोला ना."

लीलाधरकाकांनी मोबाइल हातभर लांब धरला. "बाई, आम्हाले पसंत आहे. तसं कळवलंच होतं तुमाले. तुमच्यानं नाव लिहायचं तेवढं राहून गेलं, अन् फोटोही नाही. म्हटलं, पोरीले पाहूनच येऊ."

दुर्गेश्वरीच्या हातातलं पेन हातातच राहिलं.

घात तिच्याच शब्दांनी केला होता. कामाची जाहिरात म्हणून लग्नाची मुलं असलेल्या घरांना ती एकेक करून नमुन्याचा बायोडाटा पाठवायची. सगळ्यांना एकच मजकूर धाडला तर कोणी ढुंकून बघत नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या मुलाचं नाव घालून, अगदी घरच्यासारखं लिहायची. लीलाधरकाकांना लिहिलं होतं, 'काका, आपल्या भुपेंद्रसाठी बायोडाटा पाठवते. पसंत पडल्यास कळवा.' आधी त्यात 'नमुना' हा शब्द होता. पण नमुना म्हटलं की लोकांना एखादा तऱ्हेवाईक माणूस आठवतो, उगाच हसतील, म्हणून बाईसाहेबांनी तो काढून टाकला होता. काकांचं 'पसंत आहे' आलं, तेव्हा आपलं लिहिणंच पसंत पडलं असं तिला वाटलं होतं.

आणि हवेतून लिहिणं तिला काही जमत नव्हतं. नणंदेकडे बघत बघतच तिनं तो अख्खा बायोडाटा रचला होता. फक्त लग्न राहून गेलेल्या डिंपलचं अडतीस वय लिहायला हात धजेना. नमुन्यात सत्तावीस बरे दिसतात. डिंपलला विचारायचं तर तिच्या मनातही आलं नाही.

"माहा तर त्या एका ओळीवरच जीव बसला," नंदाबाई म्हणाल्या. "वाचा ना हो तेवढी."

लीलाधरकाकांनी शाळेतल्या मुलासारखं मोठ्यानं वाचलं, "'शिलाई मशीनवर बसली की भजन म्हणते. रडतं लेकरू तिच्या कडेवर गेलं की गप्प होतं.'"

"असं कोणी लिहीत नाही वो. सगळे आपले गोरी अन् गृहकृत्यदक्ष," नंदाबाई म्हणाल्या.

एवढ्या संकटातही दुर्गेश्वरीला आतून बरं वाटलं. मग तिची तिलाच लाज वाटली. ती म्हणाली, "काका, ते असं आहे, की ते जे..."

"दुर्गे, जरा आत ये," डिंपलनं हाक मारली.

स्वयंपाकघरात चहा उतू चालला होता आणि डिंपल ओट्यापाशी नुसती उभी होती. दुर्गेश्वरीनं गॅस बंद केला.

"मशीनवरचं माहं भजन तुले ऐकू येते?"

"येते ना ताई."

"अन् मले न सांगता पाठवून देलं. मी नाही म्हटलं असतं म्हणून ना?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. दुर्गेश्वरीनं चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि सगळं ओकून टाकलं असतं. पण डिंपल पदरानं डोळे टिपत होती आणि दुसऱ्या हातानं केस मागे सारत होती. "इतकं चांगलं तर माह्या आईनंही कधी म्हटलं नाही मले," ती म्हणाली.

ताई, तो नमुना होता. एवढंच म्हणायचं होतं. लोकांच्या पोरींसाठी गोड गोड शब्द शोधणाऱ्या दुर्गेश्वरीच्या तोंडून ते काही निघेना.

"साडी कोणती नेसू?" डिंपलनं विचारलं.

"ती मोरपंखी," दुर्गेश्वरी बोलून गेली. बोलल्याबरोबर तिला आपल्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. डिंपल तोवर खोलीत गेलीही होती.

बाहेर येऊन दुर्गेश्वरी खुर्चीच्या काठावर टेकली. "काका, वयाचं जरा सांगायचं होतं..."

"वयाचं काही नाही. आमचा भुपेंद्र तिशीत आहे. सत्तावीस म्हणजे जोडा बरोबर जमते."

आत कपाटाचं दार वाजलं. थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या. आता उठावं, आत जावं, डिंपलला दारातच अडवावं, असं मनात येत राहिलं आणि दुर्गेश्वरी बसून राहिली.

पडदा बाजूला करून डिंपल आली. मोरपंखी साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, नजर खाली, ट्रे दोन्ही हातांत. कोणी शिकवावं लागलं नाही. तिनं आधी लीलाधरकाकांना कप दिला, मग नंदाबाईंना, आणि ट्रे धरून तशीच उभी राहिली.

नंदाबाईंनी एक घोट घेतला आणि मायेनं तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा ना ताई, उभ्या काऊन? चहा बेस झाला बरं," त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे बघू लागल्या. "आता पोरीले पाठवा. लाजू नको म्हणा तिले."