वाचतेय अजून

धाकट्याने पिशवीतून हार्ड डिस्क काढून ताईच्या टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे वळून जरा मोठ्यानेच विचारलं, "बाबा, मग शनिवारी जायचं ना तिकडे? खोली हवेशीर आहे. दिमतीला माणसं आहेत."

बाबा खिडकीकडे बघत होते. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ते असेच बघत बसायचे. धाकट्याने क्षणभर वाट पाहिली आणि खांदे उडवले.

"बघ ताई. त्यांचं काही म्हणणं नाही. मी शुश्रूषा केंद्रात होकार कळवून टाकतो. तू तरी किती करशील एकटी?"

ताईने डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली. राहत्या घराची पुढची खोली म्हणजेच तिचं डिस्कदुरुस्तीचं दुकान. दुपार कलली होती. पडदा हलला की उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. फळीवर तपासणीला लावलेल्या डिस्का एका सुरात गुणगुणत होत्या. त्या सुराने दुपारी तिचा डोळा लागायचा, बाबांचाही लागायचा, आणि जाग आल्यावर आधी कोण पेंगलं हे दोघांनाही सांगता यायचं नाही. शनिवारनंतर खोलीत नुसती गुणगुण उरेल, असं तिच्या मनात आलं.

"ही वाचेल का?" धाकट्याने डिस्ककडे बोट दाखवलं. त्याच्या फोटो स्टुडिओत चार डिस्का एकत्र चालवणारा डबा होता. त्या डब्याने काल ही एक मेली म्हणून बाहेर काढली होती.

ताईने डिस्क जोडली. आत काहीतरी हलकेच टकटकलं, थांबलं, परत टकटकलं. संगणकाच्या पडद्यावरची रेघ इंचभर सरकली आणि तिथेच अडून राहिली.

"वाचतेय," ती म्हणाली.

दोघं बघत राहिली. रेघ हलेना. धाकट्याने दोनदा मोबाइल काढला, दोनदा खिशात घातला. तो आता तिसऱ्यांदा काढणार, इतक्यात रेघ सुटली आणि सरळ टोकाला जाऊन पोचली.

"धडधाकट आहे की," ताई म्हणाली. "हिला काही झालेलं नाही."

"मग डब्याने हाकलली कशाला?"

"कारण तू डब्यात घरगुती डिस्का घातल्यास. तुला सांगितलं होतं, सर्व्हरच्या घे. रात्रंदिवस चालतात, वेगाने चालतात, हमीसुद्धा जास्त मिळते."

"आणि दाम दुप्पट. आत सोनं भरलंय का?"

"घाई भरलीय." ताई हसली. "सर्व्हरच्या डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही, तर ती दोन-चार सेकंद बघते आणि म्हणते, मला नाही जमत, डब्यातल्या शेजारणींना विचारा. शेजारणींकडून काम भागतं, म्हणून तिचं अडत नाही. घरगुती डिस्कला शेजारीण असू शकते हे ठाऊकच नसतं. ती एकटी. तिने सोडलं तर कोण देणार? म्हणून ती सोडत नाही. परत वाचते, परत वाचते, मिनिटभर तिथेच डोकं घालून बसते."

"मग बरंच आहे की."

"आपल्याला बरं. डब्याला कुठला एवढा धीर? ठरल्या वेळात उत्तर आलं नाही, की तो धरून चालतो, ही मेली. आणि ही बिचारी आत वाचतच..."

ताई बोलता बोलता थांबली. आपलंच वाक्य तिच्या कानात राहिलं होतं. चहा हवा का, दिवा लावू का, पाठ दुखते का, वर्षभर ती बाबांना सगळं विचारत आली होती, आणि सगळ्याची उत्तरंही तीच देत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली. तिने आरामखुर्चीकडे पाहिलं.

बाबा आता खिडकीकडे बघत नव्हते. ते धाकट्याकडे बघत होते. त्यांचा खालचा ओठ हलत होता.

"नको," बाबा म्हणाले.

धाकटा चपापला. "काय नको, बाबा? शनिवारी नको? मग रविवारी... अहो, तिथे सगळं..."

"थांब," ताई हळूच म्हणाली. "वाचतायत अजून."

पडदा हलला. उन्हाचा पट्टा सरकला आणि परत आला. डिस्का गुणगुणत होत्या, आणि तिघंही एकाच पाण्यात पाय सोडल्यासारखी त्या सुरात होती. बाबांचा हात खुर्चीवरून थोडा उचलला गेला, ताईकडे वळला आणि हवेतच राहिला.

"ही..." ते म्हणाले. बराच वेळ गेला. "एकटी..."

पुढचा शब्द त्यांना सापडेना. ताईच्या तो अगदी ओठावर आला होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"...पडेल."

धाकट्याने मोबाइल काढला आणि पालथा करून डिस्कशेजारी ठेवून दिला. मग स्टूल ओढून तो बाबांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ जाऊन बसला.

"सावकाश सांगा, बाबा," तो म्हणाला. "मी बसलोय."