गाडी कोण चालवत होतं

रुग्णवाहिका सायकलवरून पडलेल्या बाईंना घेऊन गेली आणि पाठोपाठ पोलिसांची गाडी आली. ती थांबायच्या आत शेखरने वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, की गाडी मी चालवत होतो असं मी सांगणार आहे, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. दत्तोबांना जर्मन येत नव्हतं. गप्प राहणं त्यांना अवघड नव्हतं.

शेखर चाकणच्या एका कंपनीतून दोन वर्षांसाठी जर्मनीला आला होता. वडील पहिल्यांदाच मोशीहून त्याच्याकडे आले, म्हणून चार दिवस डोंगरात फिरायला त्याने गाडी भाड्याने घेतली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, दुसऱ्या चालकाचं नाव लिहायचं का? फॉर्मवर नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झालं तर विमा मिळणार नाही, हेही तिने समजावलं होतं. शेखरने नको म्हणून सही केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचं डोकं ठणकायला लागलं. डोळे उघडे ठेवणं जमेना. दत्तोबांनी तीस वर्षं कामगारांची बस चालवलेली. रस्ता रिकामा होता, पुढचं गाव पाच किलोमीटरवर. त्यांनी स्टीअरिंग हातात घेतलं. एका वळणावर जन्माच्या सवयीने गाडी डाव्या बाजूला गेली आणि समोरून सायकलवर एक म्हातारी बाई आली. तिने सायकल वळवली आणि ती चरात पडली. पाय मोडला होता. शुद्धीवर होती, दत्तोबांचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

पोलीस बाई तरुण होती. शेखरने सांगितलेलं तिने लिहून घेतलं, त्याचा परवाना पाहिला, भाड्याचे कागद पाहिले. दोन्हीकडे एकच नाव होतं. ती वही मिटायला निघाली.

तेव्हा दत्तोबा पुढे आले. त्यांनी खिशातून आपला परवाना काढून तिच्या वहीवर ठेवला. ड्रायव्हरच्या सीटकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे.

तिने शेखरकडे पाहिलं. वडील घाबरलेत, त्यांचं मनावर घेऊ नका, असं शेखर म्हणाला. दत्तोबांना शब्द कळले नाहीत, पण तिचा चेहरा कळला. त्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगसारखे धरले आणि गाडी कशी डावीकडे गेली ते तिला करून दाखवलं. सावकाश, दोनदा. पोलीस बाईने वहीतलं नाव खोडलं.

संध्याकाळी दोघे चौकीबाहेरच्या बाकावर बसले होते. विमा गेला होता. खोटं सांगितल्याबद्दल शेखरवर वेगळी नोंद झाली होती, आणि कंपनीला कळवावं लागणार होतं.

"तिने मानलं होतं, आबा," शेखर म्हणाला. "सगळं मिटलं होतं. का केलंत असं?"

दत्तोबांनी आपल्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. भैरू. शेखर सहा महिन्यांचा असताना चाकणच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या टेम्पोखाली एक माणूस मेला होता. दत्तोबा आणि भैरू, दोघेच टेम्पोत होते. भैरू दोन वर्षं येरवड्यात राहून आला. त्याला कुणी मुलगी दिली नाही, की भावकीत कुणी मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातात दिली नाही. मोशीला दत्तोबांच्याच घरात, मागच्या खोलीत तो राहिला आणि तिथेच गेला. हे सगळं शेखरला माहीत होतं. इथे त्याचा काय संबंध, असं त्याने विचारलं.

"माझी कंपनीच्या बसवरची नोकरी ठरत आली हुती," दत्तोबा म्हणाले. "तू पाळण्यात. पोलिसांनी इचारलं, गाडी कोण चालवत हुतं. भैरू म्हनला, मी. मी गप बसलो."

त्यांनी तळहात मांडीवर पुसले.

"त्याला गाडी चालवताच येत न्हवती."