चिंधूची तलवार

अल्लीपूरच्या जुन्या मालगुजारांचा नातू किशोर नागपूरच्या शस्त्रतज्ज्ञ उज्वलाबाईंना घेऊनच भागीरथाआजीच्या दारात आला. “तलवार आमच्या घरची हाय. तुमच्या बानं चोरलती,” तो म्हणाला. आजीचे वडील चिंधू दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या लढाईवरून ही तलवार घेऊन परतले, तेव्हापासून गाव हेच म्हणत होतं. सोबत लढलेल्या आफ्रिकन सैनिकानं ती दोस्तीखातर दिली, हे त्यांचं सांगणं कोणालाच पटलं नव्हतं. आजीनं बेधडक तलवार पुढे केली. “पाह्य पोरी, नीट पाह्य.” उज्वलाबाईंनी भिंगातून निरखलं. “पातं सरळ, दुधारी, युरोपातल्या पोलादाचं. मूठ पितळेची, म्यान बकरीच्या लाल कातड्याचं. ही घडण पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा लोकांची. इकडची नव्हेच.” किशोरची मान खाली गेली. “चुकलं, आजी.” “बस, चहा पेजो,” आजी तलवार म्यान करत म्हणाली. “अन् जाताना चौकात सांगजो. चोर म्हणत होते ना, तेवढ्याच मोठ्यानं.”