कानातलं मशीन

सीमंतिनी भयपटांची परीक्षणं लिहायची आणि भीती मोजायला बाबांना सोबत न्यायची. बाबा, म्हणजे रमाकांतराव, घाबरले की कानातलं ऐकू येण्याचं मशीन काढून मुठीत धरायचे. भयपटातली सगळी भीती आवाजात असते, असा भौतिकशास्त्र शिकलेल्या सीमंतिनीचा सिद्धांत होता. म्हणून मशीन जितक्या वेळा कानातून निघेल, तितके तारे ती चित्रपटाला द्यायची.

ग्वाल्हेरच्या फिल्म महोत्सवात दर्पण कॉलनीतल्या विहंगचा पहिलावहिला भयपट लागला. तो संपेपर्यंत बाबांचा हात एकदाही कानाकडे गेला नाही. बाहेर विहंग दाराशीच उभा होता.

"ताई, सच बताना. किती तारे?"

"एकसुद्धा देववत नाही रे. बाबा जरासुद्धा घाबरले नाहीत."

विहंगचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून आलेल्या बाबांनी त्याचा दंड धरला आणि ते मोठ्याने ओरडले, "काय रे, जीव घेतोस का म्हाताऱ्याचा? दोनदा तर डोळेच मिटून घेतले मी!"

सीमंतिनी चक्रावली. "मग मशीन का नाही काढलंत?"

बाबा नुसतेच तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने कानाकडे बोट दाखवलं.

"ते होय? पडद्यावर सुरुवातीची नावं येत होती, तेव्हाच सेल संपला. एक अक्षर ऐकू आलं नाही मला."

आपला सिद्धांत मोडल्याच्या आनंदात सीमंतिनीने विहंगसमोर पाचही बोटं पसरली.