साहेबांचा चहा

मिठाच्या कंपनीनं शेजारच्या रानात जमिनीखालचं खारं पाणी उपसायला बोअर पाडले आणि भामाबाईच्या विहिरीचं पाणी बिघडलं. चहात दूध घातलं की नासायचं. बोअर बंद करा म्हणून दिलेल्या अर्जातही तिनं तसंच लिहून घेतलं. आठ महिन्यांनी तपासणीचे साहेब दारात आले.

"बसा सायेब, आदी च्या घ्या."

दारी आलेल्याला नासका चहा कसा द्यायचा? कारेगावच्या नळावरून डोक्यावर आणलेल्या घागरीतलं पाणी घेऊन तिनं फक्कड चहा केला.

"आता चला, हीर दावते."

"कशाला मावशी? चहा प्यायलो की तुमचा!"

साहेबांनी कागद लिहिला, तिचा अंगठा घेतला आणि मग वाचून दाखवला : "तक्रारदाराकडे चहा घेतला. दूध नासले नाही. बोअर चालू ठेवण्यास हरकत नाही."