काजळीवरची रेघ

नाकाला चिमटा लावताना तिने तो जरा जास्तच दाबला. म्हातारा हूं की चूं करेना.

चाचणीच्या खोलीच्या दारातच तिने त्यांना ओळखलं होतं. कॉलेजात तिला शिकवणारे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. मुलं त्यांना बेडूकसर म्हणायची, कारण प्रात्यक्षिकाला बेडकाचं हृदय ते स्वतः काढून द्यायचे आणि ते धडधडत असताना वर्गाकडे असे बघायचे, की पुढचा नंबर तुमचाच. आता अंगावरचं मांस उतरलं होतं, नजर मात्र तीच. तिला बघून ते जराही दचकले नाहीत. याचं तिला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

त्यांच्या फुप्फुसात गाठ होती. ती काढली तर उरलेलं फुप्फुस पुरेल का, हे आधी बघावं लागतं. सर्जनने चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: पहिल्या सेकंदात दीड लिटर हवा बाहेर आली तर ऑपरेशन, नाहीतर नाही. बाहेर बाकावर त्यांची लेक फाइल छातीशी धरून बसली होती.

ही चाचणी यंत्र घेतं असं लोकांना वाटतं. खरं तर ती घेणाऱ्याच्या गळ्यावर चालते. माणूस नळीत फुंकायला लागला की शेजारी उभं राहून ओरडायचं, फुंका, अजून, सोडू नका, अगदी त्याचा दम संपेपर्यंत. नाही ओरडलं तर तो अर्ध्यातच सोडतो. दिवसाला वीस जणांवर ओरडून तिचा आवाज कायमचा बसला होता. तुझं ओरडणं तिकडेच संपतं हे आमचं नशीब, असं नवरा म्हणायचा.

"फुंका," ती म्हणाली. एकदाच, आणि तेही वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणावं तसं. मग हाताची घडी घालून उभी राहिली.

पाऊण लिटर. दुसऱ्यांदाही तेवढंच.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

फळ्यावर सरांनी काढलेली हृदयाच्या ठोक्यांची रेघ उलटी आहे, हे तिने एकदा सगळ्या वर्गादेखत सांगितलं होतं. एवढाच तिचा गुन्हा. त्याचं उट्टं त्यांनी शेवटच्या परीक्षेत काढलं. तेव्हा हृदयाचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर उमटवायचे, आणि वरून रोगण चढेपर्यंत तो कागद कच्चा असायचा, बोट लागलं तरी रेघ पुसली जायची. बाहेरच्या परीक्षकाच्या हातात जायच्या आधी तिचा कागद सरांनी उचलला, निरखून पाहिला आणि त्यावरून अंगठा फिरवला. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, रेघ आलीच नाही, तुझ्या हातात ही विद्या नाही. ती नापास झाली. संशोधनाची ठरलेली जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या वर्षी पास होऊन ती या खोलीत आली आणि सव्वीस वर्षं लोकांच्या नाकाला चिमटे लावत राहिली.

तिसऱ्या वेळेला तिने नळी पुढे केली, तर सरांनी चिमटा काढून तिच्या हातात दिला.

"राहू दे. माझं काम झालं."

मग त्यांनी आवाज खाली आणून सगळं सांगितलं. लेकीने मोठ्या इस्पितळात नंबर लावला होता, पण आपली जुनी विद्यार्थिनी इथे चाचण्या घेते हे कळल्यावर त्यांनीच हट्ट धरून चाचणी इथे आणली. ऑपरेशन त्यांना नको होतं. जन्मभर बेडूक कापले, आणि स्वतःवर पाळी आल्यावर सुरीची भीती वाटायला लागली. पण लेकीला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. यंत्रानेच नाही म्हटलं, तर ती भांडणार कुणाशी?

"दुसऱ्या कुणीही ओरडून फुंकवून घेतलं असतं," ते म्हणाले. "तू नाही ओरडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं जिवापाड जपलेला राग, आणि तोही शेवटी यांच्याच कामी आला.

तिने दार उघडून लेकीला आत बोलावलं. पडद्यावरची रेघ दाखवली. फुप्फुस खराब असलं तरी जोर लावला की रेघ आधी सुळकन वर चढते आणि मग कोसळते, तिने सांगितलं. ही बघा, पालथ्या वाटीसारखी गोल. म्हणजे यांनी जोर लावून फुंकलंच नाही, आणि मी ओरडले नाही ही माझी चूक. रेघ ओळखायला तुमच्या वडिलांनीच शिकवलंय मला.

लेक वडिलांकडे बघत राहिली. "बाबा?" एवढंच म्हणाली. सरांनी मान खाली घातली आणि नळी स्वतःच तोंडात धरली.

मग ती ओरडली. फुंका म्हणून ओरडली, सोडू नका म्हणून ओरडली. पुसलेल्या कागदाच्या नावाने, गेलेल्या जागेच्या नावाने ओरडली. शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. सर लालबुंद झाले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती सोडेना. पावणेदोन लिटर. आकडा तीनदा जुळावा लागतो म्हणून तिने आणखी दोनदा फुंकवून घेतलं. आकडा हलला नाही.

लेक रडायला लागली. मॅडम, मॅडम म्हणत तिचे हात धरून आभार मानायला लागली. तिने हात सोडवून घेतले. आभार तिला नकोच होते. छापून आलेला कागद तिने यंत्रातून ओढला, खाली सही केली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"पास झालात, सर," ती म्हणाली. "अंगठा फिरवून बघा. ही रेघ पुसली जात नाही."